हुकमाची दुर्री

माझ्या कपाटातल्या एका पुस्तकावर माझा मनापासून राग आहे, आणि ते पुस्तक अजून कपाटातच आहे. सौ.ने ते तीनदा रद्दीत घातले. तिन्ही वेळा मी ते परत आणले. त्यातल्या एकदा तर रद्दीवाल्याला, त्याने दिले होते त्यापेक्षा बारा आणे जास्त मोजून. "एवढा राग आहे तर ठेवता कशाला?" असे ती विचारते. नवऱ्यांच्या बाबतीत हाच प्रश्न बायकांना कोणी विचारत नाही, म्हणून संसार चाललेत. पण ते असो.

हे पुस्तक म्हणजे इंग्रजी समानार्थी शब्दांचा तो सुप्रसिद्ध संग्रह, पीटर मार्क रोझे यांचा 'थिसॉरस'. आमच्या कचेरीत त्यांना 'रोजेट' म्हणत. त्यांच्या नावातला शेवटचा 'टी' मुका आहे हे मला निवृत्त झाल्यावर कळले. तोवर त्या गृहस्थांना मी कितीतरी वर्षे चुकीच्या नावाने शिव्या देत होतो. पोचल्या असतील.

थिसॉरस या शब्दाचा मूळ अर्थ खजिना. हा खजिना मी १९७८ साली हुतात्मा चौकातल्या फुटपाथवर आठ रुपयांना घेतला. १९११ सालची अमेरिकन आवृत्ती, पुठ्ठा सुटलेला, पहिल्या पानावर कोणा पारशी गृहस्थाची ऐटदार सही. गुप्तधनावर नाग बसलेला असतो हे लहानपणी ऐकले होते. पण आठ रुपयांच्या धनावरही तो बसत असेल, असे काही वाटले नाही.

रोझे पेशाने डॉक्टर. जन्म १७७९ चा. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते वीसएक वर्षे सचिव होते. मधूनच त्यांनी गणिताच्या स्लाइड रूलमध्ये सुधारणा केली. शब्दांची पहिली यादी त्यांनी १८०५ मध्ये स्वतःपुरती केली, आणि ग्रंथ छापला तो १८५२ मध्ये, म्हणजे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. आमच्याकडे त्या वयाचा माणूस हयातीचा दाखला घेऊन बँकेच्या रांगेत उभा असतो आणि 'मी जिवंत आहे' एवढे एकच विधान वर्षातून एकदा करतो.

ग्रंथाची कल्पना मात्र झकास. शब्दकोशात शब्द माहीत असतो, अर्थ हवा असतो. इथे उलटे. अर्थ मनात घोळतोय पण शब्द जिभेवर येत नाही, अशा माणसासाठी रोझ्यांनी जगातल्या सगळ्या कल्पनांच्या एक हजार खोल्या पाडल्या आणि एकेका खोलीत एकेका अर्थाचे शब्द भरले. चाळच म्हणा ना. त्यातही विरुद्ध अर्थाच्या खोल्या समोरासमोर. ७३७ नंबरात सत्ता, ७४१ मध्ये हुकूम, ७४२ ला हुकूम मोडणारे, ७४३ ला पाळणारे. ७४५ मध्ये मालक आणि भिंतीला भिंत लावून ७४६ मध्ये नोकर. ७५२ ला तुरुंग. ७६० परवानगी, तिच्यासमोर ७६१ मनाई. ७६४ नकार, आणि नकाराच्या शेजारी ७६५ मध्ये, बिचारी विनंती. पुढच्या आवृत्त्यांत हे नंबर थोडेफार हलले, पण नोकरदार माणसाचा सगळा जन्म या तीस खोल्यांच्या गॅलरीतच येरझारा घालण्यात जातो. विनंतीच्या खोलीतून निघायचे, परवानगीच्या दारापर्यंत जायचे, आणि नकाराच्या खोलीतून परत यायचे.

आता माझी तक्रार सांगतो. हुकमाच्या खोलीत रोझेसाहेबांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनी कोणाकोणाला कोंबले आहे पाहा. रोमच्या पोपचे 'बुल' तिथे आहे, रशियाच्या झारचा 'उकाझ' आहे, सुलतानाचे 'फर्मान' आहे, कोर्टाचे 'रिट' आहे, आणि त्याच रांगेत नुसती मान हलवणे म्हणजे 'नॉड'सुद्धा आहे. माझ्या प्रतीत तर चक्क आपला 'हुकूम' आहे. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा व्हिक्टोरिया टर्मिनसवर गावचा माणूस भेटावा तसा मला आनंद झाला. पण मग मनात आले, हे सगळे एका खोलीत राहतात कसे? पोपचे बुल आणि साहेबाची मान यांचा अर्थ एक म्हणणे म्हणजे हत्ती आणि उंदीर दोघेही चतुष्पाद म्हणून एकाच दोरीने बांधणे झाले.

गोड, आंबट, उंच, बुटका या शब्दांना समानार्थी शब्द असू शकतात. आंबा गोड आहे हे शिपाई म्हणाला काय आणि राज्यपाल म्हणाले काय, आंब्याला फरक पडत नाही. पण हुकमाच्या आणि परवानगीच्या शब्दांचे तसे नाही. त्यांचा अर्धा अर्थ शब्दात असतो आणि अर्धा खुर्चीत. कोण बोलला आणि कोणाला बोलला, हे कळल्याशिवाय त्या शब्दाला काडीची किंमत नाही. पत्त्यांचेच पाहा. दुर्रीची काय किंमत? पण हुकूम बोलला गेला, की हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला गारद करते. आमच्या साहेबांच्या दाराशी स्टुलावर बसणारा शिपाई ही अशीच दुर्री. तो 'साहेब बिझी आहेत' म्हणाला की सुपरिंटेंडेंट असा राजा निमूट मागे फिरे. आता 'साहेब बिझी आहेत' हे वाक्य रोझ्यांच्या ७६१ नंबरच्या खोलीत, मनाईच्या शब्दांत, आहे का? नाही. तिथे सगळे खानदानी शब्द बसलेत.

साधा 'ऑर्डर' हा शब्द घ्या. सेनापती ऑर्डर देतो. उडप्याच्या हॉटेलात मीही ऑर्डर देतो. मी इडली सांगतो, वेटर वडा आणतो, आणि मी वडा खातो. सिनेमातला जज्ज लाकडी हातोडी आपटून 'ऑर्डर ऑर्डर' ओरडतो तेव्हा तर त्याचा अर्थ फक्त 'गप्प बसा' एवढाच असतो. आणि सरकारी पत्रातला तो अमर प्रयोग? 'आय अ‍ॅम डायरेक्टेड टु स्टेट.' मराठीत 'मला असे कळविण्याचे निदेश आहेत की'. निदेश कोणाचे? ते कधी कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. राज्यघटनेच्या १६६ व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, म्हणून प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे लिहून खाली कोणी अवर सचिव सही करतो. म्हणजे हुकूम एकाचा, नाव दुसऱ्याचे आणि सही तिसऱ्याची. आणि गल्लीतल्या भिंतीवर 'येथे लघवी करू नये — हुकुमावरून' असे लिहिलेले असते, तिथे तर तिघेही नाहीत. नुसता हुकूम भिंतीला चिकटून उभा. कोणी पाळत नाही ते त्यामुळेच.

'सँक्शन' या शब्दाने तर माझ्या ओळखीच्या एका चांगल्या माणसाचा घात केला. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त अकाउंटंट. आयुष्यभर 'सँक्शन' म्हणजे मंजुरी असे समजून बिले पास केलेली. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने भारतावर सँक्शन्स लादल्याची बातमी आली. हे गच्चीवर सगळ्यांना सांगत सुटले, "अहो, अमेरिकेनं सँक्शन दिलं! मग हे विरोधक ओरडतात कशाला?" लोक हसले. पण त्यात त्यांची चूक काय होती? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काहीतरी पवित्र आणि बंधनकारक ठरवणे. त्यातून कायद्याची मंजुरी निघाली आणि कायदा मोडणाऱ्याची शिक्षाही निघाली. एकाच शब्दाचा एक हात आशीर्वाद देतो, दुसरा कानाखाली वाजवतो. रोझ्यांच्या परवानगीच्या खोलीत तो आशीर्वादाचा हात वर करून बसला आहे. दुसरा हात पाठीमागे आहे, हे सांगणारी पाटी दारावर नाही.

'लायसन्स'चेही तेच. लॅटिनमध्ये 'लिसेट' म्हणजे 'चालेल, हरकत नाही'. त्यातून परवाना निघाला, त्यातूनच स्वैराचार निघाला आणि गंमत म्हणजे फ्रेंचांच्या घरून फिरत आलेला 'लेझर', म्हणजे फुरसत, हाही त्याच घराण्यातला. फुरसत म्हणजे कोणीतरी 'चालेल' म्हटलेला वेळ. हे वाचल्यापासून दुपारी जेवणानंतर डुलकी घेताना मला कोणाची तरी सही राहून गेली आहे असे वाटत राहते.

मंजुरी आणि मनाई एकाच माणसाच्या दोन खिशांत कशा नांदतात, हे पाहायला इंग्रजी पुस्तक कशाला हवे? आपल्या नाक्यावरची 'परमिट रूम' पाहा. १९४९ साली मुंबई सरकारने दारूबंदीचा कायदा केला. ज्याला प्यायचीच आहे त्याने परमिट काढावे, अशी त्यात सोय ठेवली. पुढे १९६० नंतर ती बंदी सैल होत गेली, पण पाटी राहिली. जगात कुठल्याही गावात दारूच्या दुकानाला 'परवानगीची खोली' म्हणत असतील असे मला वाटत नाही. आणि ती परवानगी ज्या कायद्याखाली मिळते त्याचे नाव दारूबंदीचा कायदा! रोझ्यांनी ७६० आणि ७६१ समोरासमोर ठेवल्या. आम्ही मधली भिंतच पाडली आणि टेबले टाकली.

'ऑर्डिनन्स'बद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याला आपण सगळे 'ऑर्डिनन्स फॅक्टरी' म्हणतो. खरा शब्द 'ऑर्डनन्स', त्याचा अर्थ तोफा-दारूगोळा. पण गंमत अशी की हे दोन्ही शब्द मुळात एकच. ऑर्डिनन्स म्हणजे अध्यादेश. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले डी. सी. वाधवा यांनी बिहारचे अध्यादेश मोजले. १९६७ ते १९८१ या काळात २५६ निघाले होते, आणि विधानसभेपुढे न नेता तेच ते पुन्हा पुन्हा काढून त्यांतला एक तर जवळजवळ चौदा वर्षे जगवला होता. वाधवा सुप्रीम कोर्टात गेले, आणि १९८६ च्या डिसेंबरात कोर्टाने ही घटनेची फसवणूक असल्याचे सांगितले. म्हणजे ऑर्डिनन्सची फॅक्टरी खरीखुरी होती, फक्त ती खडकीला नव्हती.

आणि 'मॅन्डॅमस'? तो हुकमाच्या खोलीत झारच्या उकाझाला खेटून बसला आहे. 'आम्ही हुकूम करतो' असा त्याचा लॅटिन अर्थ. पण आपल्या घटनेतली ३२ आणि २२६ ही कलमे पाहिली तर तिथे मॅन्डॅमस मागतो साधा माणूस, देते कोर्ट, आणि तो बसतो अधिकाऱ्याच्या डोक्यावर. त्याचा भाऊ 'क्वो वॉरंटो', मराठीत 'क्वाधिकार'. अर्थ, 'तू हे कोणाच्या अधिकाराने करतोस?' आमच्या चाळीत सार्वजनिक नळावर हा प्रश्न रोज सकाळी सहा वाजता विचारला जाई, तो मात्र 'तू कोण मोठी सांगणारी?' अशा शुद्ध मराठीत. उकाझ वरून खाली पडतो, मॅन्डॅमस खालून वर चढतो. दोघांना समानार्थी म्हणणे म्हणजे लिफ्ट आणि खड्डा यांना समानार्थी म्हणणे.

एवढे सगळे शहाणपण मला आज सुचते आहे. १९७८ साली सुचले असते तर एका माणसाचे भले झाले असते.

आमच्या सेक्शनला एक वयस्क शिपाई होते. त्यांना सगळे मामा म्हणत. बावीस वर्षे नोकरी, रत्नागिरी जिल्ह्यात घर, घरी म्हातारी आई. एका मंगळवारी सकाळी त्यांना तार आली : 'मदर सीरियस स्टार्ट सून.' चार शब्द. प्रत्येक शब्दाला पैसे पडत म्हणून तारेच्या भाषेत समानार्थी शब्दांचे लाड नसत. मामा तार घेऊन माझ्याकडे आले. "भाऊसाहेब, अर्ज लिहून द्या. इंग्रजीत द्या. साहेब इंग्रजी लवकर वाचतात." मामांच्या नावावर आधीचे दोन मेमो होते. तिसरा आला की इन्क्रिमेंट जाणार. म्हणून न विचारता निघण्याची सोय नव्हती.

माझ्या टेबलावर नवा कोरा, म्हणजे सदुसष्ट वर्षे जुना, रोझे होता. तो वापरायला मी टपलेलोच होतो. 'रजा सँक्शन व्हावी' हे वाक्य मला फारच शिपाईछाप वाटले. मी ७६० नंबरची खोली उघडली. आत एक नवा शब्द दिसला, 'कनायव्हन्स'. वा! काय तो रुबाब! उच्चारताना जीभ सलाम करते. मी लिहिले, 'विथ युअर काइंड कनायव्हन्स' दहा दिवस गैरहजर राहू इच्छितो. मामांनी खाली मोडी वळणाची सही केली आणि अर्ज आत गेला.

कनायव्हन्स म्हणजे कानाडोळा. साधा नव्हे. गैरप्रकार चालला आहे हे ठाऊक असून केलेला. मूळ लॅटिन अर्थ डोळे मिटून घेणे. आपल्या मराठी शब्दात डोळ्याबरोबर कानही ऐकू येतो, हे तिचे मोठेपण. आता योगायोग असा, की त्याच आठवड्यात साहेबांच्या प्रवासभत्त्याच्या बिलांची वरून चौकशी सुरू झाली होती. कोणी कोणाकडे कानाडोळा केला, हाच त्या चौकशीचा विषय. साहेबांना वाटले, शिपायाच्या तोंडून कोणीतरी टोमणा मारतो आहे. अर्ज परत आला. वर तांबड्या शाईत एकच शब्द होता, 'एक्स्प्लेन.'

मामा बुधवारभर दाराशी उभे राहिले. एरवी त्या दाराचे हुकमाचे पान तेच. पण त्या दिवशी दुर्री आपल्याच दारात अडकली. साहेब मीटिंगला गेले. गुरुवारी चौकशीवाले आले. मी टेबलाशी बसून होतो. आत जाऊन 'तो शब्द माझा आहे' असे म्हणायला चार पावले चालावी लागली असती. ती मी चाललो नाही. माझी नोकरी कायम व्हायला दोन महिने होते.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता हेडक्लार्क मामांजवळ आले. चष्मा पुसत म्हणाले, "मामा, तुम्ही निघा. मी बघतो."

'मी बघतो.' हे दोन शब्द मी नंतर रोझ्यांच्या एक हजार खोल्यांत शोधले. सत्तेत नाहीत, परवानगीत नाहीत, सौम्यपणातही नाहीत. आणि खरे म्हणजे हेडक्लार्कना रजा देण्याचा अधिकारच नव्हता. त्यांनी केला तो कानाडोळाच. म्हणजे तो शब्द त्या आठवड्यात आमच्या कचेरीत एकदा खरा ठरला, फक्त माणूस दुसरा निघाला.

मामा रात्रीच्या एस.टी.ने गेले. आई गुरुवारी दुपारीच गेली होती.

चौदाव्या दिवसानंतर मामा कामावर आले. डोक्यावर केस नाहीत, टोपी कानापर्यंत उतरलेली. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'विनापरवानगी गैरहजर' अशी ओळ, आणि खुलाशाची मागणी तशीच उभी. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, त्या शब्दाचा अर्थ काय हो होता?" मी सांगितला. खाली बघत सांगितला. मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग बरोबरच लिहिलंत की. डोळे मिटा आणि सोडा, एवढंच तर मागत होतो."

मग त्यांनी नवा अर्ज स्वतःच सांगितला. मी फक्त लिहिला. 'आई वारली. दिवसकार्यास गेलो होतो. रजा मिळावी.'

'मिळावी.' या 'आवी'कडे मी तोवर कधी लक्ष दिले नव्हते. खालचा माणूस लिहितो, 'रजा मिळावी'. वरचा लिहितो, 'कार्यालयात हजर राहावे'. प्रत्यय तोच. एकीकडे हात जोडलेले, दुसरीकडे बोट रोखलेले. जुन्या मराठी पत्रांत निदान सोय होती. वरून खाली जाणाऱ्या पत्रात 'आज्ञा केली ऐसीजे', खालून वर जाणाऱ्यात 'विज्ञापना'. पहिल्या ओळीतच कळे, की पाणी कुठून कुठे वाहते आहे. आणि 'रजा' या शब्दाची गंमत तर त्याहून मोठी. तो अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ खुशी, संमती. इंग्रजी 'लीव्ह'चाही जुना अर्थ परवानगीच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता ठरवले, की सुट्टी ही आपली नसते, ती दुसऱ्याच्या खुशीची असते. आपण तर पाहुण्यांच्या घरून निघतानासुद्धा 'निघू का?' असे विचारतो. 'निघा' म्हणून कोणी सांगत नाही. 'बसा हो' असेच म्हणतात, आणि मग आपण निघतो. नकार मिळाल्यावर अमलात येणारी ही जगातली एकच परवानगी असावी.

रोझ्यांवर मी बराच काळ चिडलो होतो. आता वाटते, त्यांचा दोष निम्मा. त्यांनी पुस्तकात अर्थ दिले नाहीत, कारण त्यांचा वाचक शब्द विसरलेला इंग्रज होता. शब्द कधी भेटलाच नाही असा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. आम्हा मराठी शाळेतल्या पोरांचे इंग्रजीतले पहिले सबंध वाक्य कुठले? 'मे आय कम इन, सर?' ज्या भाषेत आम्ही उंबऱ्यावर उभे राहून प्रवेश केला, तिच्या परवानगीच्या खोलीत मी परवानगी न घेता शिरलो आणि दिसेल ती वस्तू उचलून मामांच्या हातात दिली. घरच्या माणसाला ठाऊक असते की या फुलदाणीला हात लावायचा नाही, ही खुर्ची मोडकी आहे, त्या खुर्चीवर आजोबाच बसतात. पाहुण्याला ते सांगावे लागते. रोझ्यांनी घर उत्तम लावले, पण पाहुण्यासाठी चार ओळी लिहून ठेवल्या नाहीत. टीकाकार म्हणून माझे म्हणणे एवढेच.

उरलेला निम्मा दोष मी त्याच आठवड्यात कबूल केला. उशिरा केला, पण केला. 'तो शब्द माझा, मामांचा नाही' असे मराठीत लिहून सही करून साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ७५२ नंबरची खोली. पण चौकशीवाले तोवर परत गेले होते, आणि साहेबांचा रंग बरा होता. त्यांनी मामांच्या अर्जावर 'सँक्शन्ड अ‍ॅज अ स्पेशल केस' असे लिहिले आणि मला म्हणाले, "मिस्टर, ते पुस्तक जरा बघायला द्या."

पुस्तक दोन महिन्यांनी परत आले. मी उत्सुकतेने पाने चाळली. ७६० कोरी होती. ७४० नंबरच्या सौम्यपणाला हातही लागलेला नव्हता. ७६४ मध्ये मात्र, नकाराच्या खोलीत, जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली तांबडी पेन्सिल फिरली होती.

त्यानंतर आमच्या कचेरीतले नकार पाहण्यासारखे झाले. पूर्वी नुसते 'नॉट सँक्शन्ड' असे. आता 'रिग्रेटेड' येऊ लागले, 'डिक्लाइन्ड' येऊ लागले, 'कॅनॉट बी अ‍ॅक्सीडेड टु' असे तीन मजली नकार येऊ लागले. असा कागद हातात पडला की मामा तो घेऊन माझ्या टेबलाशी येत.

"भाऊसाहेब, हे 'नाही'च आहे ना?"

"हो मामा."

"मग एवढं लांब कशाला?" असे म्हणून ते कागदाची नीट घडी घालीत आणि पुन्हा दाराशी जाऊन स्टुलावर बसत.